वर्दीतल्या माणसाने फलक हाती घ्यावा का? रिचमंडच्या पोलीस प्रमुखांवरील तक्रार आणि आपण

चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. वर्दीतले पोलीस निरीक्षक बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालत होते. फोटोखाली निळी हृदये, ‘जयभीम साहेब’, टाळ्या. पुढच्या रविवारी वर्गात अकरावीतल्या एका मुलाने हात वर केला.

“ताई, दोन महिन्यांपूर्वी याच ग्रुपवर दुसऱ्या एका साहेबांचा फोटो आला होता. ते वर्दीवर एका पक्षाच्या मिरवणुकीत झेंडा धरून उभे होते. तेव्हा आपण तक्रार करायची म्हणत होतो. मग ते चालत नाही आणि हे कसं चालतं?”

कोणीतरी म्हणाले, “अरे, हे बाबासाहेब आहेत.”

तो म्हणाला, “ते मला कळतं. पण त्यांच्या ग्रुपवरही कोणीतरी असंच म्हणत असेल ना?”

प्रश्न सरळ होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. घरी आल्यावर मला अमेरिकेतल्या एका पोलीस प्रमुखांची आठवण झाली. एका निदर्शनात त्यांनी हातात फलक धरला, त्यांच्यावर तक्रार झाली आणि त्यांना उत्तर द्यावे लागले. ती घटना नीट समजून घेतली तर त्या मुलाला उत्तर देता येईल असे वाटले, म्हणून हा लेख.

९ डिसेंबर २०१४, रिचमंड

कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे रिचमंड नावाचे शहर आहे. लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर. दुसऱ्या महायुद्धात इथे जहाजबांधणीचे प्रचंड कारखाने होते, दक्षिणेकडून हजारो काळे कामगार इथे आले. युद्ध संपले, कारखाने बंद झाले, गरिबी राहिली. आज इथली बहुसंख्य वस्ती लॅटिनो आणि काळी आहे.

२०१४ हे वर्ष अमेरिकेसाठी धगधगते होते. जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर यांचा पोलिसाने गळा आवळल्याने मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये फर्ग्युसन इथे मायकेल ब्राउन या १८ वर्षांच्या निःशस्त्र तरुणाला पोलिसाने गोळी घातली. २४ नोव्हेंबरला आणि ३ डिसेंबरला, दहा दिवसांच्या आत, दोन्ही प्रकरणांत पोलिसांवर खटला चालणार नाही असे जाहीर झाले. देशभर लोक रस्त्यावर आले. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ म्हणजे ‘काळ्यांचे जीवही मोलाचे आहेत’ ही घोषणा तीन काळ्या स्त्रियांनी २०१३ मध्ये दिली होती. आता ती प्रत्येक शहरात ऐकू येऊ लागली.

रिचमंडमध्ये ‘राइज’ या युवा केंद्राजवळ तरुणांनी शांततेत निदर्शने केली. तिथे शहराचे पोलीस प्रमुख ख्रिस मॅग्नस गणवेशात आले होते. ते स्वतः गोरे. निदर्शकांनी त्यांना एक फलक धरायला दिला आणि त्यांनी तो धरला. फलकावर तीच घोषणा होती. कोणीतरी फोटो काढला आणि काही तासांत तो देशभर पोचला. बऱ्याच लोकांना तो फोटो बघून बरे वाटले. पोलिसांपैकीच अनेकांना मात्र राग आला.

तक्रार कोणी केली?

तक्रार केली रिचमंडच्या पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे मॅग्नस यांच्याच हाताखालच्या लोकांनी. संघटनेने वकिलामार्फत सांगितले की प्रमुखांनी कायदा मोडला आहे. त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या शासकीय संहितेतल्या कलम ३२०६ चा आधार घेतला. हे कलम अगदी छोटे आहे. स्थानिक संस्थेचा कोणताही अधिकारी किंवा कर्मचारी गणवेशात असताना कोणत्याही प्रकारच्या राजकीय कार्यात भाग घेणार नाही, एवढाच त्याचा आशय.

इथे एक बारकावा आहे. बंदी गणवेशातल्या किंवा कामावरच्या माणसावर आहे. त्याच राज्यातला दुसरा कायदा पोलिसांना कामाच्या वेळेबाहेर, साध्या कपड्यांत राजकारण करायची मोकळीक देतो. म्हणजे मॅग्नस रविवारी सदरा घालून मोर्चात गेले असते तर कलम ३२०६ त्यांना लागले नसते. अडचण वर्दीची होती.

संघटनेचे म्हणणे लगेच झटकून टाकण्यासारखे नाही. वर्दी ही त्या माणसाची खासगी वस्तू नसते, तिच्यामागे सरकार असते, शस्त्र असते, अटकेचा अधिकार असतो. वर्दीतला माणूस एका बाजूचा फलक धरतो तेव्हा दुसऱ्या बाजूच्या नागरिकाला वाटू शकते की आपल्याला इथे न्याय मिळणार नाही. शिवाय साध्या शिपायाने विरोधी मताचा फलक वर्दीत धरला असता तर त्याच्यावर कारवाई झाली असती. मग साहेबांना सूट का, हा प्रश्न कोणत्याही खात्यात पडणारच.

प्रमुखांनी काय उत्तर दिले?

मॅग्नस यांनी माघार घेतली नाही. त्यांच्या उत्तराचा गाभा असा होता: काळ्या माणसांचे जीव मोलाचे आहेत हे मान्य करणे आणि अल्पसंख्य समाजांच्या खऱ्याखुऱ्या चिंतांचा आदर करणे ही राजकीय कृती केव्हापासून झाली? शांततेत निदर्शने करण्याच्या हक्काला पोलीस खात्याचा पाठिंबा आहे हे दाखवायला आपण गेलो होतो, असेही त्यांनी सांगितले.

हे उत्तर वाचताना आपण चटकन मान डोलावतो, आणि मीही डोलावली. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला त्यातली एक फट दिसते. ‘हे राजकारण नाही, हे मूल्य आहे’ असे कोणीही म्हणू शकते. मिरवणुकीत झेंडा धरणारे आमच्या भागातले साहेबही म्हणतील, ‘ही संस्कृती आहे, राजकारण कुठे आहे?’ मग मूल्य कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होते हे ठरवायचे कसे?

मला सुचलेली एक कसोटी सांगते. पोलिसाने जे म्हटले आहे ते त्याने शपथ घेतलेल्या कायद्यातच आहे का? कायद्यापुढे सगळ्यांचे जीव सारखे आहेत हे अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. ते पुन्हा उच्चारणे म्हणजे पोलिसाने आपले कामच सांगणे आहे. त्यापुढे जाऊन अमुक उमेदवाराला मत द्या, अमुक पक्षाला हटवा, असे तो म्हणाला तर ते राजकारण. मॅग्नस यांचा फलक या कसोटीवर बराचसा टिकतो. पूर्णपणे टिकतो असे मी म्हणणार नाही, कारण कलमात ‘कोणत्याही प्रकारच्या’ असे शब्द आहेत आणि त्या चळवळीच्या सरकारकडे ठोस मागण्याही होत्या.

फलकामागची वर्षे

फलक एका क्षणाचा असतो. त्यामागे काय होते हे बघितल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही, आणि रिचमंडच्या बाबतीत त्यामागे पुष्कळ काही होते.

१ एप्रिल १९६७ रोजी शहराला लागून असलेल्या नॉर्थ रिचमंड वस्तीत डेन्झिल डोवेल या २२ वर्षांच्या काळ्या तरुणाला शेरीफच्या माणसाने गोळी घातली. चौकशीत ती हत्या समर्थनीय ठरवली गेली. कुटुंबाला ते मान्य नव्हते. शेजारच्या ओकलंडमध्ये काही महिन्यांपूर्वीच स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाकडे ते गेले. पँथर रिचमंडच्या चौकांत सभा घेऊ लागले आणि २५ एप्रिलला त्यांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. त्यातला मुख्य प्रश्न होता, डेन्झिल डोवेल का मारला गेला? पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांच्या पिढीने दलित पँथर उभी केली तेव्हा नाव याच चळवळीवरून घेतले. ज्या फलकावरून वाद झाला तो फलक अशा मातीत धरला गेला होता, आणि त्या मातीशी आपले जुने नाते आहे.

मॅग्नस २००६ च्या सुरुवातीला रिचमंडचे प्रमुख झाले. त्या काळात हे शहर अमेरिकेतल्या सर्वांत धोकादायक शहरांत गणले जाई. २००९ मध्ये इथे ४७ खून झाले, २०१३ मध्ये १६. हे श्रेय एकट्या पोलिसांचे नाही. २००७ मध्ये शहराने पोलिसांपासून वेगळे असे एक कार्यालय काढले. तिथले कार्यकर्ते, ज्यांतले काही स्वतः तुरुंगात राहून आलेले, बंदुकीच्या वाटेने चाललेल्या तरुणांना शोधून त्यांच्याशी रोज बोलत. पुढे अशा तरुणांना मार्गदर्शक आणि दरमहा विद्यावेतनही मिळू लागले. आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग अभ्यासावा.

पोलीस खात्यातही बदल झाले. एका अधिकाऱ्याला एकच भाग दीर्घकाळ देणे, त्याचे मूल्यमापन करताना लोकांशी संबंध कसे आहेत हे बघणे, गोळी न चालवता प्रसंग हाताळायचे वारंवार प्रशिक्षण. २००७ नंतर जवळपास सात वर्षे रिचमंड पोलिसांच्या गोळीने एकही मृत्यू झाला नाही.

मग सप्टेंबर २०१४ उजाडला. फलकाच्या फोटोच्या तीन महिने आधी रिचमंडच्याच एका पोलिसाने एका दारूच्या दुकानाबाहेर २४ वर्षांच्या निःशस्त्र तरुणाला गोळ्या घातल्या. मॅग्नस त्याच्या अंत्यविधीला गेले. पण त्या पोलिसावर सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. कुटुंबाने दिवाणी दावा केला आणि २०१६ मध्ये शहराने साडेआठ लाख डॉलरवर तडजोड केली. त्याआधी, २००७ मध्ये, खात्यातल्याच सात काळ्या अधिकाऱ्यांनी मॅग्नस यांच्यावर वंशभेदाचा दावा लावला होता. २०१२ मध्ये ज्युरीने त्यात मॅग्नस यांच्या बाजूने निकाल दिला.

हे सगळे मी मुद्दाम सांगते आहे. फोटोत एक चांगला गोरा पोलीस दिसतो. ज्या आईचा मुलगा तीन महिन्यांपूर्वी गेला तिच्यासाठी त्या फोटोचा अर्थ वेगळा असणार. सात वर्षांचे काम खरे होते आणि त्या मुलाचा मृत्यूही खरा होता. फोटो बघताना दोन्ही लक्षात ठेवायला हवे.

नियम दुसऱ्या बाजूलाही लावून बघा

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अनेक पोलीस अधिकारी निदर्शकांसोबत चालले. मिशिगनमधल्या फ्लिंटजवळ शेरीफ ख्रिस स्वानसन यांनी शिरस्त्राण आणि दंडुका खाली ठेवला आणि जमावाबरोबर चालू लागले. न्यू जर्सीतल्या कॅमडेनचे प्रमुख मोर्चाच्या पुढे बॅनर धरून चालले. जगभर कौतुक झाले.

सात महिन्यांनी, ६ जानेवारी २०२१ रोजी, वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. त्या दिवशी सिॲटल शहराचे सहा पोलीस सुट्टीवर, साध्या कपड्यांत वॉशिंग्टनला गेले होते. आता उत्तर द्यायची पाळी सिॲटलचे प्रमुख एड्रियन डियाझ यांच्यावर आली. त्यांच्यावर दबाव होता की सहाही जणांना काढा. पोलीस उत्तरदायित्व कार्यालयाने चौकशी केली. दोघांनी पोलिसांचे कठडे ओलांडून बंदी असलेल्या जागेत प्रवेश केला होता असे सिद्ध झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्या दोघांना बडतर्फ केले. बाकीच्यांना केवळ सभेला गेले म्हणून शिक्षा झाली नाही.

आपल्यातल्या अनेकांना वाटेल की सगळ्यांनाच काढायला हवे होते. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. सुट्टीच्या दिवशी न आवडणाऱ्या सभेला जाणे हा गुन्हा ठरवला, तर उद्या सुट्टीच्या दिवशी दीक्षाभूमीवर गेलेल्या शिपायालाही कोणीतरी प्रश्न विचारेल. नियम कृतीला लावायचा असतो, माणूस कोणत्या गोटातला आहे याला नाही.

आपल्याकडचा कायदा

भारतात चित्र वेगळे आहे. संविधानाचे कलम ३३ संसदेला अधिकार देते की सैन्य आणि पोलीस दलातल्या लोकांचे मूलभूत हक्क कायद्याने मर्यादित करता येतील. त्याखाली १९६६ चा पोलीस दले (हक्क मर्यादा) कायदा आला. त्यातले कलम ३ सांगते की पोलीस दलातली व्यक्ती राजकीय हेतूने भरवलेल्या सभेत किंवा निदर्शनात भाग घेणार नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. यात वर्दीत असण्याची अट नाही. कॅलिफोर्नियाचा पोलीस वर्दी उतरवून मोर्चात जाऊ शकतो, आपल्याकडे वर्दी उतरवली तरी बंदी कायम राहते.

आयपीएस अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवा वर्तणूक नियम, १९६८ लागू आहेत. राजकीय पक्ष आणि राजकीय चळवळींपासून दूर राहायचे, हा त्यांचा गाभा. पण त्यातली एक तरतूद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: एखादी चळवळ राजकीय आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला तर तो सरकारकडे निर्णयासाठी जातो. म्हणजे कोणता फलक मूल्याचा आणि कोणता राजकारणाचा, हे सत्तेत असलेले ठरवणार. म्हणूनच पोलिसांनी आपल्या बाजूचे फलक धरावेत ही मागणी आपण विचार करून करायला हवी. ते दार उघडले तर त्यातून आधी कोण आत येईल हे सांगायला नको.

दुसरा फरक संघटनेचा. रिचमंडमध्ये शिपायांची संघटना प्रमुखांविरुद्ध उघडपणे बोलली. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती, पण ऑगस्ट १९८२ मध्ये सरकारने तिची मान्यता काढली, नेत्यांना अटक केली आणि मुंबईत मोठा हिंसाचार झाला. तेव्हापासून साहेबाने नियम मोडला असे वर्दीतला शिपाई जाहीरपणे म्हणू शकत नाही. तक्रारीचा तो आवाज आपल्याकडे बाहेरून, नागरिकांकडूनच यावा लागतो.

आणि ज्या अधिकाऱ्याला मनापासून विरोध नोंदवायचा आहे त्याने काय करावे? डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला विरोध म्हणून महाराष्ट्रातले आयपीएस अधिकारी अब्दुर रहमान यांनी सेवेतून राजीनामा जाहीर केला. आपल्या चौकटीत बोलायची किंमत एवढी आहे.

मग पोलिसाकडून काय मागायचे?

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप सुनावली, पुढे त्याला जामीन मिळाला. त्या दिवशी एखाद्या पोलिसाने निळा झेंडा हाती घ्यावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. जमाव हाताळायचे नियम त्याने पाळले असते तरी दहा माणसे घरी गेली असती.

म्हणून पोलिसाचा सहानुभूतीचा फोटो आला की मी आता तीन गोष्टी बघते. त्या पोलीस ठाण्यात ॲट्रॉसिटीची फिर्याद पहिल्याच दिवशी नोंदवली जाते का, की ‘आधी अर्ज द्या’ म्हणून परत पाठवतात? गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी वेळेत करतो का? आणि आपल्या मोर्चाला जो रस्ता, जो वेळ, जी वागणूक मिळते तीच इतरांच्या मिरवणुकीला मिळते का? या तिन्हींची उत्तरे चांगली असतील तर हार घातला नाही तरी चालेल. उत्तरे वाईट असतील तर हाराचा उपयोग नाही. कर्तव्यात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या लोकसेवकाला ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये शिक्षा आहे, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे.

वर्दीतला अधिकारी खरोखरच पक्षाच्या कार्यक्रमात दिसला तर ग्रुपवर शिव्या घालून काही होत नाही. तारीख, वेळ, जागा, कार्यक्रम कोणाचा होता, अधिकारी बंदोबस्तावर होता की सहभागी होता, हे लिहून काढा. मूळ फोटो जपून ठेवा, फॉरवर्ड झालेला नव्हे. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महिना-दोन महिन्यांनी तक्रारीवर काय झाले हे माहिती अधिकारात विचारा. अधिकाराचा गंभीर गैरवापर असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे प्राधिकरण नेमायला सांगितले आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात बदल करून ते आणले. त्याचा वापर आपण फार कमी करतो.

त्या मुलाला पुढच्या रविवारी मी हे सगळे सांगितले. चौदा एप्रिलची जयंती शासकीय आहे, ती साजरी करायचे परिपत्रक सरकारी कार्यालयांना येते, म्हणून निरीक्षकांनी पुतळ्याला घातलेला हार कर्तव्याच्या चौकटीत बसतो. हाच हार त्यांनी आपल्या एखाद्या पक्षाच्या मंचावर, त्या पक्षाच्या झेंड्याखाली घातला असता तर तक्रार आपणही करायला हवी होती. मॅग्नस यांची गोष्टही सांगितली: प्रमुखांवर तक्रार झाली, त्यांना लोकांसमोर उत्तर द्यावे लागले, आणि कोणाला ते पटले, कोणाला नाही.

त्याने विचारले, “मग आपल्या माणसाविरुद्ध तुम्ही तक्रार कराल?”

मी हो म्हटले. वर्गातल्या दोघांना ते आवडले नाही, आणि त्या रविवारी त्यावरच दीड तास चर्चा झाली. झेंडा धरणाऱ्या साहेबांबद्दलचा अर्ज त्याच मुलाने लिहायला घेतला आहे. भाषा शांत ठेव, एवढेच मी त्याला सांगितले आहे.

जयभीम.